परवान्याचे जमीनदार

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला. बाटलीमागे किती रुपये वाढणार याची चर्चा पुष्कळ झाली. त्याच निर्णयातील एका लहानशा तरतुदीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सीलबंद विदेशी मद्याची दुकाने (एफएल-२) आणि परवाना कक्ष असलेली हॉटेले (एफएल-३) यांचे परवाने धारकाला यापुढे करार करून दुसऱ्याकडे चालवावयास देता येतील, आणि त्यासाठी वार्षिक परवाना शुल्काच्या अनुक्रमे १५ व १० टक्के जादा रक्कम सरकारजमा करावी लागेल, अशी ही तरतूद आहे. सरकारी भाषेत या व्यवहाराला 'कंडक्टिंग अॅग्रीमेंट' म्हणतात. नांदेड-लातूरकडच्या बोलीत त्याचे नाव अधिक सरळ आहे : परवाना भाड्याने देणे.

जो व्यवहार आजवर चोरून होत होता त्याला सरकारने पावती दिली, एवढाच या तरतुदीचा अर्थ आहे. तो व्यवहार मोडून काढण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर होते त्यांनी त्यातला वाटा मागितला. हे वरवर दारूच्या दुकानदारांचे भांडण दिसते. त्याच्या तळाशी आपल्या चळवळीचा फार जुना प्रश्न आहे : समाजाच्या मालकीची वस्तू खाजगी खंडाचे साधन कशी होते, आणि तो खंड शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

प्रथम व्यवहार कसा चालतो ते पाहू. मद्यविक्रीचा परवाना व्यक्तीच्या नावाने आणि ठरावीक जागेसाठी दिला जातो. अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. परंतु देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांच्या गावी जाऊन पाहिले तर परवान्यावरचे नाव एकाचे आणि गल्ल्यावर बसणारा दुसराच, यात लोकांना नवल वाटेनासे झाले आहे. परवानाधारक जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहूनही दूर राहतो. चालविणारा त्याला मोठी अनामत देतो, शिवाय दरमहा ठरलेली रक्कम पोचवितो. धंदा बुडो की तरो, ती रक्कम चुकत नाही. कागद मात्र निराळेच बोलतात. कधी भागीदारीचा लेख होतो, कधी कुलमुखत्यारपत्र होते, कधी नुसत्या जागेचा भाडेपट्टा दाखवितात. आणि पुष्कळदा नोकरनाम्याचा आधार घेतात. दुकानात काम करणाऱ्यांना खात्याची मंजुरी मिळावी म्हणून असलेला हा कागद. त्यावर धंद्यात सारे भांडवल घालणारा माणूस नोकर म्हणून नोंदविला जातो, आणि ज्याने वर्षानुवर्षे दुकानाची पायरी चढली नाही तो मालक ठरतो. अशा लबाडीवर उभा राहिलेला व्यवहार बिनसला की न्यायालयाच्या दारात येतो, आणि तेथे त्याचे खरे स्वरूप उघडे पडते.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या २३ व्या कलमानुसार ज्या कराराचा उद्देश कायद्याने निषिद्ध आहे किंवा ज्याने कायद्याचा हेतूच विफल होतो तो करार रद्दबातल असतो. मद्याच्या परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने बिहारीलाल जयस्वाल प्रकरणात हेच तत्त्व लावले. परवान्याच्या अटी मोडून केलेली भागीदारी ही कायद्याच्या दृष्टीने भागीदारीच नव्हे, असा तो निर्णय आहे. मग चालविणाऱ्याने अनामत परत मागितली तर? कायद्याच्या ६५ व्या कलमात करार रद्दबातल ठरल्यावर घेतलेला लाभ परत करण्याची तरतूद आहे. परंतु कुजू कोलियरीज प्रकरणात, १९७४ साली, सर्वोच्च न्यायालयाने तिची मर्यादा स्पष्ट केली. तेथे खाणीचा पट्टा नियम मोडून झाला होता. करार बेकायदा असल्याचे ज्याला आरंभापासून ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते, त्याला या कलमाचा आसरा मिळत नाही.

या तत्त्वाचे मूळ इंग्लंडात आहे. १७७५ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे चोरट्या चहाच्या किमतीचा एक दावा आला. त्यात त्यांनी घालून दिलेला दंडक असा की, स्वतःच्या बेकायदा कृत्यावर जो आपला हक्क उभारतो त्याला न्यायालय हात देणार नाही. आणि दोघेही सारखेच दोषी असतील तर वस्तू ज्याच्या हाती आहे त्याचे पारडे जड राहील. न्यायालयाने आपले हात मळवू नयेत ही भूमिका तत्त्व म्हणून योग्यच आहे, आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या परिणामाशी. न्यायालय जेव्हा दोघांनाही परत पाठविते तेव्हा दोघे सारख्याच रिकाम्या हातांनी घरी जात नाहीत. अनामत आधीच परवानाधारकाच्या घरात असते. परवाना त्याच्या नावाने असतो. नूतनीकरणाचा अर्ज त्याच्याच सहीने होतो. त्याला दावा लावावा लागत नाही. चालविणाऱ्याचे नाव नोकरनाम्यातून कमी करावे असा एक अर्ज दिला की काम झाले. एखाद्या चिवट चालविणाऱ्याने दुकानाचा ताबा धरून ठेवला तर परवान्याविना तो ताबा घेऊन करायचे काय? तात्पर्य, ज्याच्या नावाचा कागद त्याचाच विजय, असा हा समतोल आहे. कायद्याचे मौन तटस्थ दिसते, पण त्याचा कल ठरलेला असतो.

भाड्याच्या जागांबाबत हा अनुभव महाराष्ट्राला पूर्वी आलेला आहे. वामन श्रीनिवास किणी यांच्या प्रकरणात, १९५९ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचा प्रश्न होता. घरमालकाने भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा करारानेच दिली होती. कायद्याने पोटभाडे निषिद्ध होते. न्यायालयाने ती मुभा बेकायदा ठरविली, आणि ज्याने ती दिली त्या घरमालकालाच ताबा मिळाला. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. त्याच वर्षी सरकारने वटहुकूम काढून तोवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा ताबा होता अशा लायसन्सवरील रहिवाशांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. न्यायालय जेथे थांबते तेथून पुढे जाणे हे विधिमंडळाचे काम आहे, आणि इच्छा असेल तर ते करता येते, हा त्या इतिहासाचा धडा. (मराठवाड्यास त्या दुरुस्त्यांचा लाभ नव्हता, येथे २००० सालच्या मार्चअखेरपर्यंत हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे कायदाच चालू होता.)

यावरून दारूच्या दुकानाच्या चालकालाही 'संरक्षित कूळ' करा असे कोणी म्हणेल. आम्ही ते म्हणणार नाही. 'कसेल त्याची जमीन' ही आमची घोषणा होती, कारण जमीन कसणे हे समाजाला अन्न देणारे काम आहे. 'विकेल त्याचा परवाना' अशी घोषणा कोणी आमच्या तोंडी घालू नये. चालविणारा हा काही निष्पाप शोषित नाही. भाड्याची रक्कम भरून काढण्यासाठी तोच छापील किमतीवर चार पैसे चढवितो, आणि परवान्याच्या जागेबाहेर खेडोपाडी माल पोचविण्याचा मोह त्यालाच पडतो. प्रश्न त्याच्या हक्काचा नाही. एक पैशाचे भांडवल न घालता, एक दिवस न राबता, केवळ नावावर वर्षानुवर्षे खंड वसूल करणारा वर्ग सरकारी सहीने कसा निर्माण झाला, हा प्रश्न आहे.

तो कसा निर्माण झाला हे मराठवाड्याला कोणी सांगावयास नको. निजामाच्या राज्यात आबकारीचे मक्ते लिलावाने दिले जात आणि मक्तेदार आपल्या भरण्याची वसुली रयतेच्या घशातून करी. कंत्राटदाराला आपण आजही 'गुत्तेदार' म्हणतो. त्या राजवटीची ही भाषेतली खूण. या उत्पन्नावर राज्याचा डोलारा किती उभा आहे हे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसला पक्के ठाऊक होते. म्हणूनच १९४७-४८ च्या लढ्यात जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. झाडावर कुऱ्हाड पडत होती, पण घाव निजामाच्या तिजोरीवर होता. स्वामीजींचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आपण दिले. त्या कुऱ्हाडीची आठवण मात्र कोणत्या अभ्यासक्रमात आहे याचा शोध घ्यावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि राज्य पुनर्रचनेनंतर तो १९५९ साली मराठवाड्यास लागू झाला. पुढे दारूबंदी सैल होत गेली. देशी दारूचे नियम १९७३ साली आले, दुकाने उघडली. आणि त्याच दशकापासून सरकारने किरकोळ विक्रीच्या दुकानांचे नवे परवाने देणे थांबविले. हेतू चांगला सांगितला गेला : दुकाने वाढू नयेत. परिणाम काय झाला? लोकसंख्या वाढली, गावांची शहरे झाली, १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि परवाने होते तेवढेच राहिले. ज्या वस्तूचा पुरवठा सरकारी हुकमाने गोठविला जातो आणि मागणी वाढत राहते, तिचा धारक काही न करता श्रीमंत होतो. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. त्या काळी मिळालेला कागद बापाकडून मुलाकडे गेला आणि वतनासारखा वागविला जाऊ लागला. वतने आपण कायद्याने खालसा केली. हे नवे वतन मात्र दरवर्षी नूतनीकरण करून जपले.

येथे सरकारचा दुतोंडीपणा नीट पाहावा. परवानाधारक जेव्हा शुल्कवाढीविरुद्ध न्यायालयात जातो तेव्हा सरकार काय सांगते? दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही. तो राज्याचा विशेषाधिकार आहे, आणि राज्य तो आपल्या अटींवर देते. खोडे डिस्टिलरीज प्रकरणात, १९९४ साली, सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका मान्य केली आणि आम्हालाही ती मान्य आहे. पण विशेषाधिकार जर राज्याचा, म्हणजे जनतेचा, तर तो तिऱ्हाइताला भाड्याने देण्याची मुभा धारकाला कोणत्या न्यायाने? न्यायालयात जो जनतेचा ठेवा असतो तो मंत्रालयात खाजगी मिळकत कसा होतो? आणि परवाना शुल्काच्या १०-१५ टक्के जादा घेऊन सरकार समाधान मानते तेव्हा उरलेला खंड कोणाला अर्पण झाला?

निर्णयाच्या समर्थकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, हा व्यवहार होतच होता. तो उघड्यावर आला तर खऱ्या चालकाचे नाव कळेल, करार अंमलात आणण्याजोगे होतील, कोर्टकज्जे कमी होतील आणि तिजोरीत भर पडेल. यातील पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. चालविणारा कोण हे सरकारदप्तरी नोंदले जाणे केव्हाही चांगले. परंतु नाव उघड करण्यासाठी खंड पवित्र करण्याची गरज नव्हती. खोटा नोकरनामा करणाऱ्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार खात्याकडे होताच. तो का वापरला गेला नाही, याचे उत्तर आधी द्यावे आणि मग पारदर्शकतेच्या गोष्टी सांगाव्यात. कोर्टकज्जे कमी होतील हेही अर्धेच खरे. जो करार आजवर न्यायालय हाती धरीत नव्हते तो आता परवानाधारकाला वसुलीचे हत्यार म्हणून मिळेल. पूर्वी तो केवळ चालविणाऱ्याला हाकलू शकत होता. आता थकलेल्या भाड्याचा हुकूमनामाही घेऊ शकेल. शिवाय ही मुभा विदेशी मद्याच्या परवान्यांना आहे. गरिबाच्या देशी दारूचे दुकान, म्हणजे सीएल-३, या सुधारणेच्या बाहेरच राहिले. तेथे जुना अंधार कायम आहे.

राहिली तिजोरीतील भर. एकूण निर्णयातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील असे सरकारने सांगितले. देशी दारूच्या १८० मिलिलीटरच्या बाटलीची किमान किंमत त्याच निर्णयाने ८० रुपये झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या कंधार-मुखेडच्या मजुराच्या घरात त्या ८० रुपयांना काय अर्थ आहे हे कार्यकर्त्यांना समजावून सांगावे लागत नाही. त्या पैशात सरकारचा कर आहे, कारखानदाराचा नफा आहे, चालविणाऱ्याची कमाई आहे, आणि सगळ्यांच्या वर त्या अदृश्य माणसाचे भाडे आहे, ज्याने बाटलीला हातही लावलेला नाही.

या साऱ्यात ज्याचे नाव कोणत्याच करारात येत नाही असा आणखी एक माणूस आहे : दुकानातला कामगार. पेट्या उचलणारा, पहाटे झाडलोट करणारा, रात्री उशिरा दार ओढून घेणारा. त्याचा मालक कोण? चालविणाऱ्याकडे थकलेला पगार मागावा तर तो म्हणतो, परवाना माझा नाही. परवानाधारकाकडे जावे तर तो म्हणतो, मी तुला ओळखत नाही. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना आपल्या बहुतेक तरतुदींबाहेर ठेवल्या, आणि २०२५ साली मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे दारूचे दुकान भाड्याने देणाऱ्यासाठी कायदा वाकला, आणि त्या दुकानात राबणाऱ्यापासून कायदा दूर सरकला. दोन्ही एकाच वर्षी. सरकारचा वर्गस्वभाव ओळखावयास याहून दुसरा पुरावा नको.

आणि गावातील स्त्रिया? २००८ च्या आदेशाने त्यांना बाटली आडवी करण्याचा अधिकार दिला. अट अशी की झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते दुकान बंद करण्याच्या बाजूने पडावीत. मजुरीला गेलेली, माहेरी असलेली, आजारी असलेली स्त्री म्हणजे दुकानाच्या बाजूचे मत, असा हा हिशेब. एवढे दिव्य करूनही बायका जेव्हा जिंकतात तेव्हा त्यांचा सामना कोणाशी असतो? समोर दिसतो तो भाड्याने चालविणारा. मूळ धारक गावाला दिसतच नाही. त्याला गावाची लाज नाही, रोषाची भीती नाही, आणि स्थलांतराची वाट मोकळी असते. परवाना व्यक्तीच्या नावाने देण्यामागे हेतू हाच होता की जबाबदार माणूस समाजाच्या नजरेसमोर असावा. भाड्याच्या व्यवहाराने ती नजरच बांधली जाते.

दुसरा मार्ग नाही काय? धर्माबादच्या वेशीवरून तेलंगणा दिसतो. तेथे दुकाने ठरावीक मुदतीसाठी सोडत काढून दिली जातात. मुदत संपली की हक्क संपला. ती पद्धतही आदर्श नव्हे. २०२३ साली परत न मिळणारे अर्जशुल्क दोन लाख रुपये होते, २०२५ साली ते तीन लाख झाले, आणि सरकारने अर्जांवरच कोट्यवधी रुपये जमविले. सरकारी सोडतीचा जुगार आम्हाला नको. पण तेथून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : परवाना हा वारसाहक्काने चालणारा वाडा नव्हे, तो मुदतीने परत येतो. इंग्लंडातही मॅन्सफील्ड यांचा दंडक आता पूर्वीसारखा ताठ राहिलेला नाही. पटेल विरुद्ध मिर्झा प्रकरणात, २०१६ साली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा कराराखाली दिलेली रक्कम परत देवविली. पैसे घेणाऱ्याला ते गिळू दिल्याने कायद्याची प्रतिष्ठा वाढत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण. आपल्याकडेही सीताराम विरुद्ध राधाबाई या निर्णयाने दोघांचा दोष सारखा नसेल तेथे अपवादाची वाट ठेवलेली आहे.

म्हणून पक्षाने या प्रश्नावर स्पष्ट मागण्या घेऊन उभे राहावे. जून २०२५ ची ही तरतूद मागे घ्यावी. जो धारक स्वतः दुकान चालवीत नाही त्याचा परवाना राज्याकडे परत यावा, आणि तो दुसऱ्याला देण्यापूर्वी तेथील ग्रामसभेला वा वॉर्डाला विचारावे. प्रत्येक दुकानाबाहेर परवानाधारकाचे व चालविणाऱ्याचे नाव ठळक मराठीत लावावे. कामगारांच्या वेतनाची जबाबदारी दोघांवर एकत्र असावी, मग कामगार दोन असोत की वीस. बेकायदा भाडेकराराखाली घेतलेली अनामत परवानाधारकाच्या घरात राहू नये. आधी कामगारांची देणी भागवावीत आणि उरलेली रक्कम व्यसनमुक्तीच्या कामासाठी सरकारजमा व्हावी. महिलांच्या मतदानात झालेल्या मतांचे बहुमत पुरेसे मानावे, आणि आडव्या झालेल्या बाटलीचा परवाना स्थलांतरित न होता रद्द व्हावा.

साथींनो, यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. परवाना समाजाचा आहे, हे सरकारनेच न्यायालयात शपथेवर सांगितलेले वाक्य खरे करून दाखवा, एवढेच आपण म्हणत आहोत. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून आपल्या तालुक्यातील परवानाधारकांची आणि नोकरनाम्यांची यादी मिळवावी, ती दुकानागणिक प्रत्यक्षाशी ताडून पाहावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. जमिनीचा जमीनदार निदान बांधावर दिसत असे. कागदाचा जमीनदार दिसत नाही, यातच त्याची शक्ती आहे. तेव्हा पहिले काम त्याला उजेडात आणण्याचे.